जुन्या गाडीचे दोन मारेकरी

जुन्या मालवाहू गाडीचा शत्रू कोण, असे विचारले असता बहुतेक लोक एकाच पक्षाकडे बोट दाखवतील. गाडीला पंधरा वर्षे झाली की तिला भंगारात घाला, असे म्हणणारा तो पक्ष होय. आमच्या मते शत्रू दोन आहेत, आणि दुसरा पहिल्याहून अधिक घातक आहे; कारण तो मित्राच्या वेषात वावरतो. जुन्या गाडीवरील आपल्या प्रेमाची द्वाही फिरवीत तिचा सायलेन्सर कापणारा, पंपाचा स्क्रू पिळून काळा धूर ओकायला लावणारा आणि मिळेल ते इंजिन तिच्या पोटात कोंबणारा हौशी 'सुधारक' हा तो दुसरा शत्रू. या दोघांचाही समाचार घेणे प्राप्त आहे.

प्रथम पहिल्याकडे वळू. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी केवळ वयाच्या आधारे संपुष्टात आणली गेली. याउलट, २०२१ साली जाहीर झालेल्या धोरणात सर्वसामान्य मालकाच्या गाडीसाठी योग्यतेची चाचणी हाच मुख्य निकष मानला आहे. दिल्लीच्या परिसरातील न्यायालयीन निर्बंधांची गोष्ट निराळी. एकाच राज्यसंस्थेच्या हाती अशी दोन मापे असावीत, हे नवल नव्हे काय? यांपैकी दुसरे माप न्याय्य, असे आमचे स्पष्ट मत आहे. इंजिनाला पंचांग कळत नाही. त्याला कळते ते तेल, उष्णता, धूळ आणि मालकाची हयगय. वेळेवर तेल न बदललेले इंजिन पाच वर्षांत म्हातारे होते; निगराणीतले तीस वर्षे इमाने चाकरी करते.

शिवाय झीज भरून काढण्याची सोय जुन्या इंजिनांच्या रचनेतच आहे. सिलिंडर झिजला तर तो इंचाच्या दोन-तीन शतांशांनी मोठा करून त्याच मापाचे पिस्टन व रिंगा घालता येतात; क्रँक घासला गेला तर तो ग्राइंड करून कमी मापाची बेअरिंगे बसवता येतात. व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटा घासून नीट करता येतात, नोझल तपासता येतात, डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन करता येते. वाढीव मापाचे हे सुटे भाग बाजारात रीतसर मिळत आले आहेत, ते काही लबाडी म्हणून नव्हे. गाडी पुन्हा उघडली जाईल व पुन्हा बांधली जाईल, हे त्या काळच्या रचनाकारांनी गृहीतच धरले होते.

येथे प्रतिपक्षाचे एक म्हणणे मान्य करणे भाग आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाडीइतका स्वच्छ धूर जुने इंजिन कितीही निगा राखली तरी देणार नाही. म्हणून दाट वस्तीच्या शहरात दिवसभर फेऱ्या मारण्याचे काम जुन्या गाडीला देऊ नये, हे योग्यच. परंतु आठवड्यातून दोनदा बाजाराला नारळ-भाजी नेणाऱ्या आणि जत्रेच्या वेळी देवस्थानची भांडी, मंडपाचे सामान वाहणाऱ्या गाडीला तोच न्याय लावून तिच्या मालकाला कर्जाच्या खाईत लोटणे, याला पर्यावरणाचे रक्षण म्हणता येणार नाही.

आता दुसरा मारेकरी. इंजिन बदलणे हे मुळातच पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. महिंद्रांच्या जीपमध्ये आरंभी पेट्रोलचे 'हरिकेन' इंजिन असे. पुढे त्याच कंपनीने पेझोच्या बनावटीचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन तिच्यात बसवले. पुण्याच्या बजाज टेम्पोने मॅटाडोरसाठी मर्सिडीजचे ओएम ६१६ इंजिन परवान्याने तयार केले. पण उत्पादक इंजिन बदलतो तेव्हा तो गाडीचा साकल्याने विचार करतो. आमचा हौशी मात्र केवळ ताकद पाहतो. जीर्णोद्धार करताना पाया न पाहता शिखर चढवणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. मग येथेच का म्हणावे?

डिझेल इंजिन जड असते, म्हणून पुढचे पाटे दबतात. त्याची ओढ निराळी असते, म्हणून गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांवर अनपेक्षित ताण येतो. पेट्रोल इंजिनात अॅक्सिलरेटर सोडताच हवेची वाट आवळली जाते आणि उतारावर इंजिन स्वतःच गाडीला आवरून धरते. बहुतेक डिझेल इंजिनांत ती वाट मोकळीच राहते, म्हणून हा आधार कमी मिळतो. ब्रेकला व्हॅक्यूमचे साह्य असेल तर त्यासाठी वेगळा पंप लावावा लागतो. हे सारे विसरून जुन्या ड्रम ब्रेकच्या भरवशावर भरलेली गाडी चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात घालणारा मनुष्य हौशी नसून, समोरून येणाऱ्या निरपराध्याच्या प्राणांशी जुगार खेळणारा आहे.

कायदाही याबाबत संदिग्ध नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. इंधनबदलाचे मान्यताप्राप्त किट हा अपवाद आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. एकाने काळा धूर सोडावा आणि त्याचे प्रायश्चित्त शंभर नीटस गाड्यांनी घ्यावे, असे घडते ते यामुळेच.

मग बदल कोणता करावा? आमची कसोटी सोपी आहे. ज्याने गाडी अधिक लवकर थांबेल, अधिक स्पष्ट दिसेल व कमी धूर सोडेल, तो बदल नियमांच्या चौकटीत अवश्य करावा. चांगले ब्रेक लायनर, भरवशाचे दिवे, स्वच्छ एअर फिल्टर, आसनपट्टे यांत कमीपणा नाही. जो बदल केवळ आवाज आणि ऐट वाढवतो, त्याला गाडीची विटंबनाच म्हटले पाहिजे.

या दोन्ही शत्रूंच्या कचाट्यात सापडला आहे तो मायक्रोमीटर हाती धरून झीज मोजणारा, धुराच्या रंगावरून रोग ओळखणारा मिस्त्री. निळा धूर दिसला तर तेल जळते आहे, काळा दिसला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, हे त्याला यंत्राविना कळते. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे केवढा उद्योग उभारला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु हातातील कसबाचा तो वारसा आज ज्याच्याकडे आहे, त्याच्या दुकानी मात्र आपण 'लवकर कर, स्वस्तात कर' एवढेच बोलतो. इंजिन उघडल्यावर मापे लिहून घ्या, तेल बदलल्याची तारीख वहीत नोंदवा, आणि मिस्त्रीने 'हे इंजिन आता संपले' असे मापांनिशी दाखवले तर हट्ट न धरता त्याचे ऐका. गाडीवर खरे प्रेम असेल तर एवढे तरी झालेच पाहिजे.