वाग्दत्तांसाठी दार कोणते?

सियालदहहून निघालेली लोकल हुगळीकाठच्या तागगिरण्यांच्या पट्ट्यातून जाते आणि ज्या शेवटच्या स्थानकावर थांबते, त्याच्या फलकावर ‘कोमागाता मारू बजबज’ असे नाव आहे. 29 सप्टेंबर 1914 रोजी येथे कॅनडातून परतवलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला आणि सुमारे 20 जण मृत्युमुखी पडले. ‘कोमागाता मारू’वर 376 प्रवासी होते, बहुतेक पंजाबचे शीख. व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने जहाज नांगरून ठेवल्यानंतर त्यांना माघारी धाडण्यात आले होते.

त्यांना अडवणारा नियम वाचण्यासारखा आहे, कारण त्यात ‘भारतीय’ हा शब्दच नव्हता. स्वदेशातून थेट, मध्ये कोठेही न थांबता, एकाच तिकिटावर येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल, एवढेच 1908 च्या त्या कॅनेडियन आदेशात म्हटले होते. भारतातून असे तिकीट मिळणार नाही, याची तजवीज मात्र आधीच झालेली होती. कोणालाही ‘नाही’ न म्हणता सर्वांना नाकारणारी अट घालणे ही प्रशासनाची जुनी विद्या आहे. या लेखकाने आयुष्य टेबलाच्या त्याच बाजूला काढले असल्यामुळे तो हे थोड्या संकोचानेच लिहीत आहे.

या अटीची पहिली झळ संसारांना लागली. व्हँकुव्हरच्या गुरुद्वाराशी संबंधित भाई भागसिंग आणि भाई बलवंतसिंग हे दोघे कॅनडाचे रहिवासी. 1912 च्या आरंभी ते आपल्या बायकामुलांना घेऊन परतले, तेव्हा पुरुषांना प्रवेश मिळाला आणि बायकामुलांवर हद्दपारीची टांगती तलवार आली. पुष्कळ अर्जविनंत्या झाल्यावर त्यांना राहू दिले गेले ते ‘विशेष कृपा’ म्हणून. हक्क म्हणून नव्हे आणि पुढच्यांसाठी दाखला म्हणूनही नव्हे. हेच भागसिंग दोन वर्षांनी ‘कोमागाता मारू’च्या प्रवाशांसाठी किनाऱ्यावरून लढणाऱ्या समितीत होते. तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांना बायकामुले आणण्याची वाट मोकळी झाली ती पहिले महायुद्ध संपल्यानंतर.

ब्रिटनने याच संशयाचे अधिक हीन रूप दाखवले. जानेवारी 1979 मध्ये एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरली. वाग्दत्त वधूला तेव्हा आगाऊ व्हिसाची गरज नव्हती. तीन महिन्यांत विवाह करायचा एवढीच अट होती. ती खरोखरच अविवाहित आहे का, हे ठरवण्यासाठी अधिकाऱ्यांनी तिची ‘कौमार्य चाचणी’ करवली. भारतात संतापाची लाट उसळली, मोरारजी देसाईंच्या सरकारने निषेध नोंदवला आणि ती प्रथा बंद करण्यात आली. पुढे ब्रिटनमध्ये ‘मुख्य हेतू’चा नियम आला. आपण देशात शिरण्यासाठी लग्न करत नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे! न केलेल्या हेतूचा पुरावा कोणी कोठून आणावा? 1997 मध्ये तो नियम रद्द झाला.

आज या देशांनी आपापली उत्तरे काढली आहेत. अमेरिकेत नागरिकाच्या वाग्दत्ताला के-1 व्हिसा मिळतो आणि आल्यापासून 90 दिवसांत लग्न करावे लागते. ब्रिटन सहा महिने देते, पण एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पौंडांच्या उत्पन्नाची अट घालून. म्हणजे प्रेमालाही पगाराची पावती जोडायची. कॅनडाने 2002 मध्ये वाग्दत्तांचा वर्गच काढून टाकला. ही उत्तरे उदार नसतील. पण प्रश्न आहे हे त्यांच्या नियमांना तरी माहीत आहे.

आपल्याकडे लग्न करण्यासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तीला लागू पडेल असा स्वतंत्र व्हिसाच नाही. विवाह झाल्यानंतर ‘एन्ट्री’ म्हणजे एक्स वर्गाचा व्हिसा मिळतो. विवाहापूर्वी ती व्यक्ती बहुधा पर्यटक म्हणूनच येते. दोघेही हिंदू असतील, तर विधी उरकून नोंदणी करता येते. धर्म भिन्न असतील किंवा नोंदणी पद्धतीनेच विवाह करायचा असेल, तर 1954 चा विशेष विवाह कायदा लागतो. या कायद्याचे कलम 4 ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’विषयी बोलते, नागरिकत्वाविषयी नव्हे, ते त्या पिढीचे औदार्यच. पण दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवे, नोटीस लावली पाहिजे आणि हरकतींसाठी आणखी 30 दिवस थांबले पाहिजे. बजबजचा तरुण वास्तव्याची अट सहज पुरी करील. मात्र त्याची वाग्दत्त वधू 30 दिवसांच्या ई-पर्यटक व्हिसावर आली आणि दोघांनी विमानतळावरून थेट विवाह अधिकाऱ्याचे कार्यालय गाठून नोटीस दिली, तरी सहीचा दिवस उजाडण्यापूर्वी तिचा व्हिसा संपलेला असेल. 1908 चा नियम मुद्दाम तसा रचला होता. आपला नकळत तसा झाला आहे. अडलेल्या जोडप्याला हा फरक कळत नाही.

लग्न झाल्यावरची वाट स्पष्ट आहे, पण लांब. नोंदणीकृत विवाह सलग दोन वर्षे टिकल्यावर आणि सुरक्षा तपासणी झाल्यावर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळू शकते. नागरिकत्वासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते. पर्यटक व्हिसा सहसा दुसऱ्या वर्गात बदलून मिळत नाही. भारतीयाशी विवाह हा त्याला मोजका अपवाद. तेही अधिकाऱ्याचे समाधान झाले तर. ‘समाधान’ या शब्दाची व्याख्या कोठेही नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

बंगालमध्ये हा प्रश्न सर्वांत टोकदार आहे. स्वतः, आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असेल, तर ओसीआयचे दार कायद्यानेच बंद आहे. लंडनमध्ये जन्मलेली, ब्रिटिश पारपत्र असलेली, पण सिल्हेटहून तेथे गेलेल्या आजोबांची नात घ्या. बजबजच्या मुलाशी तिची भाषा एक, जेवण एक. ते कार्ड मात्र तिला कधीच मिळणार नाही. एखाद्या स्वीडिश किंवा जपानी मुलीला ते मिळेल. बांगलादेशी पत्नींसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सोय आहे, हे मान्य. पण ती सोय लिहिताना नवरा भारतीय आणि बायको परदेशी एवढेच चित्र डोळ्यांपुढे होते. भारतीय स्त्रीच्या परदेशी नवऱ्याचा विचार त्यात जवळजवळ नाही.

खोटी लग्ने होतात, सीमेपलीकडून धोकेही येतात, हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पण ज्याला भारतात राहण्यासाठी खोटे लग्न करायचे आहे, तो पर्यटक म्हणून आजही येऊच शकतो. उलट हेतू उघड सांगून अर्ज करणाऱ्याची तपासणी तो विमानात बसण्यापूर्वी होऊ शकते. भारतीय जोडीदाराने जामीनदार व्हावे, विवाहाची नोटीस परदेशातूनच ऑनलाइन देता यावी, येणाऱ्याला 120 दिवस मिळावेत, विवाहाचा दाखला दाखवताच व्हिसाचा वर्ग येथेच बदलावा आणि लग्न न झाल्यास त्याने परत जावे. पिढ्यांची बंदीही सरसकट न ठेवता प्रकरणागणिक तपासावी. त्यासाठी मात्र नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती लागेल. व्हिसाचे वर्ग ठरवण्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. आप्रवास आणि परदेशी नागरिक अधिनियम, 2025 सप्टेंबर 2025 पासून अमलात आला आहे आणि गृह मंत्रालय त्याखालील कार्यपद्धती बसवत आहे. त्याच कागदांत हा एक वर्ग जोडता येईल.