पिस्तूल घेतेय... ईएमआयवर नाही!

‘‘आई, मी पिस्तूल घेतेय,’’ म्हटलं आणि फोडणीतली मोहरी करपली! अहो, दहा मीटर एअर पिस्तूल. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, ताकद 20 ज्यूलच्या आत. त्यामुळे परवाना लागत नाही, ओळखपत्र लागतं.

2024 मध्ये पॅरिसला मनू भाकरनं ब्राँझ जिंकलं आणि माझे वीकएण्ड रेंजवर जायला लागले. पण क्लबचं पिस्तूल दर वेळी वेगळं. स्कोअर जागचा हलेना. स्वतःचं घ्यावं तर स्टायर, मोरिनी, वॉल्थर... किमती ऐकूनच फ्रीलान्सरला घाम! शेवटी सापडलं एका फारशा कुणी न ऐकलेल्या कंपनीचं. वर्षभराची बचत त्यात जाणार होती. धाकधूक होतीच.

सर म्हणाले, ‘‘नाव वाचू नकोस, हातात धर.’’ डोळे मिटून हात उचलला, डोळे उघडले. साइट्स सरळ रेषेत. म्हणजे ग्रिप आपल्या हाताची. मग सरांनी ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल उचललं. ट्रिगर सुटला नाही. स्पर्धेत एवढं चालतंच! हवेच्या सिलिंडरवरची तारीखही पाहिली, त्याचं आयुष्य ठरलेलं असतं.

खरा प्रश्न शेवटी विचारला, ‘‘सील गेलं तर मिळेल कुठे?’’ दुकानदारानं सुटे भाग समोर काढून ठेवले, तेव्हाच पैसे मोजले. तुम्हीही हे विचाराच!

दहाचं वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्याला ब्रँड कुठे वाचता येतो?