सी भारी की पायथन?

रात्रीचे दीड वाजलेत. मेसची पोळी कधीच जिरलीये आणि शेजारच्या खोलीत वाद पेटलाय, 'सी भारी की पायथन?' राजकारणाच्या गप्पांसारखाच हाही कधी न मिटणारा!

मित्रांनो, मीसुद्धा कट्टर सीवाला. कारण विचारलं की छातीठोकपणे सांगायचो, "स्पीड!" पण खरं सांगू? आजवर लिहिलेल्या माझ्या एकाही प्रोग्रामला त्या स्पीडची गरज नव्हती. फर्स्ट इयरला सी शिकलो, पॉइंटर समजायला रक्त आटवलं, म्हणून ती आपली वाटते. एवढंच.

बाहेरच्या जगात तरी काय वेगळं आहे? डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी घडवली. १९७३ मध्ये युनिक्स तिच्यात नव्याने लिहिलं गेलं आणि युनिक्सबरोबर सीही पसरली. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभा केला. घाईतल्या खोडी आजही तिच्यात आहेत, पण ती ब्राउझरमध्येच बसलेली, मग वेबवाले जाणार कुठे? म्हणजे भाषेच्या गुणांइतकाच तिचा शेजारही बघितला जातो. तयार लायब्ररी आहेत का, अडलं तर सांगणारं कोणी आहे का, नोकरी मिळेल का...

हे मला उशिरा कळलं. गेल्या वर्षी विंगमधला एक ज्युनिअर पायथनचा प्रोग्राम घेऊन आला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आधीच बुजलेला. "दादा, जरा बघता का?" मी न बघताच म्हणालो, "आधी सी शीक, मग स्वतःला इंजिनिअर म्हणव." सगळे हसले. तो पुन्हा खोलीत आला नाही.

पुढे सबमिशनच्या आदल्या रात्री माझाच प्रोग्राम चुकीचं उत्तर देत होता, एरर मात्र एकही नाही. पहाटे सापडलं! दहा घरांच्या ॲरेत मी अकराव्या घरात लिहीत होतो. सी अशी हद्द तपासत नाही. पायथनच्या लिस्टने तिथेच अडवून ओळीचा नंबर दिला असता. नवख्याला तेवढाही आधार पुरतो, आणि मी त्याचीच टिंगल केली होती.

सी टाकाऊ नाही हं! काही किलोबाइट मेमरीच्या मायक्रोकंट्रोलरवर अजूनही तीच कामाला येते. पण ज्याला जिथून आत शिरता येईल, तिथून शिरू द्यावं. नंतर दुसरी भाषा प्रत्येकाने शिकावीच, त्याशिवाय पहिलीचे दोष दिसत नाहीत.

सकाळी त्या ज्युनिअरच्या खोलीत गेलो, सॉरी म्हणालो. सध्या तो मला पायथन शिकवतोय. चहा अर्थातच माझ्याकडून!

बघा, पटतंय का.