सुटलेली सवय परत आली तर

रात्री कोरडं राहायला शिकलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, की घरात कारणं तयारच असतात: शाळा बदलली, धाकटं भावंड आलं, झोपताना पाणी प्यायलं. मग संध्याकाळनंतर पाणी बंद! टाइप १ मधुमेहाची ती सुरुवात असेल, तर हा उपाय अंगाशी येतो. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. मूल रात्री उठून पाणी मागतं ते त्यामुळे. इटलीतल्या पार्मा भागात १९९१पासून अंथरूण पुन्हा ओलं होण्याच्या एका खुणेवर भर देणारी भित्तिपत्रकं शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत लावली. साखर तपासण्याची साधनंही डॉक्टरांना दिली. त्याआधीच्या चार वर्षांत निदान होईपर्यंत ७८ टक्के मुलं किटोअॅसिडोसिसपर्यंत, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याच्या जिवावरच्या अवस्थेपर्यंत पोचलेली असत. मोहिमेच्या काळात हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. औषध तेच होतं. शंका लवकर घेतली गेली.

यावर कुणी म्हणेल, अंथरूण ओलं करणाऱ्या बहुतेक मुलांना मधुमेह नसतो, उगीच घाबरवता कशाला? पहिलं म्हणणं खरंच आहे. पण बोटाला एक टोचणी आणि ग्लुकोमीटरची पट्टी, एवढ्यावर काही सेकंदांत शंका फिटते, खर्च दोन-तीन वडापावांचा. ‘आमच्या घराण्यात कुणाला साखर नाही’ हा दिलासा तर फसवाच. टाइप १ झालेल्या बहुतेक मुलांच्या जवळच्या नात्यात हा आजार नसतो. गोड खाण्याशीही त्याचा संबंध नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तान्ह्या बाळाला तहान सांगता येत नाही, तिथे सतत जड होणारा डायपर आणि न हटणारे जांघेतले बुरशीचे चट्टे बघावेत. उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली की गॅस्ट्रो किंवा न्यूमोनिया समजून चुकीच्या उपचारात वेळ जातो. तेव्हा एकच प्रश्न विचारावा: लघवी किती होते? उलट्यांनी सुकलेल्या मुलाची लघवी कमी व्हायला हवी; मधुमेह असलेल्या मुलाची भरपूर होत राहते.

‘उद्या उपाशीपोटी रक्त तपासू’ हे मोठ्यांच्या मधुमेहातलं वळण आहे. लक्षणं असलेल्या मुलाची साखर जेवणानंतरही २०० किंवा त्याहून जास्त भरली, तर निदानाला तेवढं पुरतं आणि रुग्णालयात त्याच दिवशी जायचं असतं, रविवार असला तरी.