सही त्याची, सत्ता कोणाची?

एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या मुलास 'डिस्पॅच' या शब्दाचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागत नाही. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून सूचना येते आणि येथील संचाचा भार वाढतो किंवा उतरतो. सूचना देणारा माणूस बॉयलरपाशी उभा नसतो, टर्बाइनला त्याचा हात लागत नाही. तरी कोणता संच किती चालावा हे त्याच्या टेबलावर ठरते. विमान वाहतुकीत याच जातीचे एक काम आहे. त्यास 'फ्लाइट डिस्पॅचर' म्हणतात, आणि अलीकडे मालवाहू विमान कंपन्यांत या कामाला मोठा वाव आहे, असे शिकवणीवर्गांच्या जाहिराती नाशिक रोडच्या तरुणांना सांगू लागल्या आहेत. वैमानिक होण्यास लागणारा अफाट पैसा नको, डोळ्यांना चष्मा असला तरी चालतो, आणि तरीही विमानाशी संबंध! ज्या वसाहतीतील १९७० व १९७१ साली सुरू झालेले १४० मेगावॉटचे पहिले दोन संच कायमचे थंड झाले आणि २१० मेगावॉटच्या उरलेल्या तीन संचांच्या भरवशावर पुढची पिढी राहू शकत नाही, तेथे अशी जाहिरात मनात घर करते यात नवल नाही. एका बाजूस ओझरचे विमानतळ आहे, तेथे मालासाठी स्वतंत्र संकुल आहे, काही वर्षांपूर्वी तेथून शेळ्यामेंढ्यासुद्धा विमानाने शारजाला गेल्या. तेव्हा स्वप्न अगदीच हवेतले नाही.

परंतु जाहिरात कामाचे नाव सांगते, कामाचे नाते सांगत नाही. हे नाते काय आहे ते आधी पाहिले पाहिजे.

डिस्पॅचर उड्डाणाचा आराखडा करतो. मार्ग, उंची, वाटेतील वादळे, उतरण्याच्या ठिकाणचे हवामान, बंद असलेल्या धावपट्ट्या, नादुरुस्त दिवे, विमानाचे वजन आणि त्याचा तोल हे सारे तो पाहतो. इंधनाचा हिशेब तर त्याचा प्राण. प्रवासापुरते इंधन, त्यावर अनपेक्षित खर्चासाठी सामान्यतः पाच टक्के, पर्यायी विमानतळ गाठण्याइतके आणि शेवटी जेट विमानास आणखी तीस मिनिटे आकाशात थांबता येईल इतका राखीव साठा. याहून अधिक भरले तर ते अधिकचे इंधन वाहून नेण्यासाठीच आणखी इंधन जळते, म्हणून कंपनीचा हिशेबनीस प्रत्येक जादा टनाकडे डोळे वटारून पाहतो. मालवाहू कंपनीत या कामाला आणखी दोन कडा येतात. पहिली रात्रीची. दिवसा गोळा झालेला माल पहाटेपर्यंत दुसऱ्या शहरी पोचवायचा म्हणून सारा कारखाना रातपाळीत चालतो. दुसरी मालाची. वजनाचा अंतिम आकडा अनेकदा दार बंद होण्याच्या सुमारास हाती येतो, आणि पेटीत काय आहे हे कागद सांगेल तेवढेच कळते. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्यांच्या मालास आग लागून दोन्ही वैमानिक मेले. त्या मालातील काही खेपा धोकादायक माल म्हणून जाहीरच झालेल्या नव्हत्या.

या पदाचा जन्मही अपघातांच्या सावलीत झाला. ६ मे १९३५ रोजी अमेरिकेत एक प्रवासी विमान कोसळले आणि त्यात सिनेटर ब्रॉन्सन कटिंग मृत्यू पावले. सामान्य माणसे मरत होती तोवर कायदेमंडळाची झोप मोडली नव्हती, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. १९३८ साली नागरी विमान वाहतुकीचा नवा कायदा आला, आणि त्या व्यवस्थेतून असा दंडक रूढ झाला की नियमित प्रवासी उड्डाणाची जबाबदारी वैमानिक व डिस्पॅचर या दोघांवर संयुक्तपणे राहील. दोघांपैकी एकाचे समाधान झाले नाही तर विमान जागचे हलणार नाही. मालकाच्या घाईला दोन नोकरांनी, आणि तेही कायद्याच्या आधाराने, नाही म्हणावे, अशी तरतूद भांडवलशाहीच्या माहेरघरी झाली, याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही.

पण हा दंडक मालवाहू विमानापाशी येऊन लंगडा होतो. तेथील नियमांनुसार ज्या उड्डाणांना 'पूरक' वर्गात घातले आहे, आणि मालवाहतुकीचा मोठा भाग त्या वर्गात येतो, त्यांच्यासाठी प्रमाणित डिस्पॅचर ठेवण्याचे बंधन नाही. कंपनीने नेमलेला माणूस उड्डाणावर लक्ष ठेवतो. नियंत्रणाची जबाबदारी वैमानिक आणि कंपनीचा संचालन प्रमुख यांच्याकडे. मोठ्या कंपन्या प्रमाणित डिस्पॅचर ठेवतात, हे मान्य. परंतु मालकाने स्वेच्छेने दिलेली गोष्ट आणि कायद्याने मिळालेली गोष्ट यांतील अंतर कामगार चळवळीस शिकवण्याची गरज नाही. असाच पक्षपात विश्रांतीच्या बाबतीत झाला. वैमानिकांच्या थकव्यासंबंधीचे सुधारित नियम जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत लागू झाले तेव्हा मालवाहू विमानांच्या वैमानिकांना त्यांतून वगळण्यात आले. रात्री सर्वाधिक जागणाऱ्यांनाच वगळले! कारण उघड आहे. पेट्यांना मतदानाचा हक्क नाही, आणि पेट्यांचे नातलग वर्तमानपत्रांकडे जात नाहीत.

त्याच सुमारास, १४ ऑगस्ट २०१३ रोजी, पहाटे पावणेपाचच्या सुमारास, अलाबामातील बर्मिंगहॅम विमानतळाजवळ याच कंपनीचे एक मालवाहू एअरबस टेकडीवर आदळले. दोन वैमानिक ठार झाले. लांब धावपट्टी दिव्यांच्या दुरुस्तीसाठी पाच वाजेपर्यंत बंद होती. आखूड धावपट्टीवर अचूक उपकरण-मार्गदर्शन उपलब्ध नव्हते. डिस्पॅचरास बंद धावपट्टीची कल्पना होती, पण वैमानिकांशी त्याचे यासंबंधी बोलणे झाले नाही. वैमानिकांचे दोष चौकशी मंडळाने मोठ्या शब्दांत सांगितले, आणि ते होतेही. तथापि, डिस्पॅचर आणि वैमानिक यांनी एकत्र प्रशिक्षण घ्यावे, एकमेकांशी बोलण्याची शिस्त लागावी, अशी शिफारसही त्या मंडळाला करावी लागली. पंधरा मिनिटे उशिरा पोचले असते तर लांब धावपट्टी खुली मिळाली असती. पंधरा मिनिटांचा उशीर सुचवण्याची सवय ज्या व्यवस्थेत कोणालाच नाही, तिच्यात एकट्या डिस्पॅचरच्या सहीला काय किंमत?

आपल्याकडे रात्रीची मालवाहतूक नवी आहे असा समज आहे. तो खरा नाही. जानेवारी १९४९ मध्ये रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास येत, टपालाच्या थैल्या अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत जात. प्रारंभी हे काम खासगी कंपन्यांकडे होते. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सने ते चालवले. अमेरिकेतील फेडरल एक्सप्रेसने १९७३ साली मेम्फिस येथे हीच युक्ती अंगीकारली, ती जगात व्यवस्थापनशास्त्राचा चमत्कार म्हणून शिकवली जाते. नागपूरच्या हमालाने आणि टपाल छाटणाऱ्या कारकुनाने ती चोवीस वर्षे आधी घाम गाळून चालवून दाखवली होती. आपली योजना सत्तरच्या दशकात थांबली. पुढे १९९६ पासून ब्लू डार्टची स्वतःची विमाने उडू लागली. २००९ साली नागपूर केंद्र धरून डेक्कन ३६० ही कंपनी निघाली आणि दोनएक वर्षांतच बसली. कंपनी बसली की प्रवर्तकाचे आत्मचरित्र वाचले जाते. त्यात रात्रपाळी करणाऱ्यांचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

आता एकलहऱ्याच्या तरुणाकडे वळू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या नियमावलीत डिस्पॅचरसाठी परवान्याची तरतूद आहे, पण तो सक्तीचा करावा की नाही हे प्रत्येक देशावर सोपवले आहे. आपल्या देशात नागरी विमान महासंचालनालयाची मान्यता विमान कंपनीच्या नोकरीतून, तिच्या प्रशिक्षणातून आणि तिच्या शिफारशीवरून मिळते. याचा अर्थ असा की, लाखांच्या घरात शुल्क घेणारा खासगी वर्ग जो कागद देतो तो मान्यता नव्हे. तो केवळ नोकरीच्या दारापर्यंतचा टांगा आहे. दार उघडणे कंपनीच्या मर्जीवर. पूर्वी कारखाना शिकाऊ उमेदवार घेई आणि शिकवण्याचा खर्च स्वतः करी; आता तो खर्च कंत्राटी कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीवर आणि आईच्या दागिन्यांवर ढकलला गेला आहे. आणि मान्यता कंपनीच्या पदराला बांधलेली असली, की 'हे विमान आज सोडू नये' असे पहाटे तीन वाजता म्हणणाऱ्याचा आवाज किती चढेल?

नियम कागदावर असणे पुरेसे नाही, हे डिसेंबर २०२५ मध्ये सर्वांनी पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारित नियम लागू झाले. देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने, इंडिगोने, पुरेशी तयारी केली नाही. हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि शेवटी वाकला तो नियम. कंपनीस त्यातून तात्पुरती सूट मिळाली. वैमानिकांच्या संघटना होत्या म्हणून निदान ओरड तरी झाली. डिस्पॅचर संख्येने थोडे, खोल्यांत विखुरलेले, पदनामात 'ऑफिसर' शब्द घेऊन बसलेले. त्यांची संघटित ताकद उभी राहणे अवघड, आणि म्हणूनच अधिक निकडीचे आहे.

तरुणांनी या कामाकडे पाठ फिरवावी, असे आम्ही सुचवीत नाही. हवामान, गणित आणि विवेक यांवर चालणारे हे प्रतिष्ठेचे काम आहे, आणि कामगाराच्या मुलीस किंवा मुलास ते येणार नाही, असे मानण्यास काही आधार नाही. परंतु ते शिकण्यासाठी ना हँगर लागतो, ना विमान. वर्ग, संगणक आणि जाणता शिक्षक लागतो. एकलहऱ्यापासून जवळच, सामनगाव रस्त्यावर शासकीय तंत्रनिकेतन उभे आहे. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. या दोन सार्वजनिक संस्थांच्या मधोमध राहणाऱ्या मुलाने या विद्येसाठी खासगी वर्गाचे हप्ते का भरावेत, हा प्रश्न नाशिकच्या लोकप्रतिनिधींना विचारला गेला पाहिजे. त्याबरोबरच परवाना माणसाच्या नावाने असावा, कंपनीच्या नव्हे. तो नोकरी बदलताना त्याच्याबरोबर जावा. सलग कामाच्या तासांना मर्यादा असावी. अमेरिकेत नियमित प्रवासी सेवेच्या डिस्पॅचरसाठी ती दहा तासांची आहे. आणि तोवर ज्या घरात शुल्काची जुळवाजुळव चालली आहे त्या घराने वर्गचालकाकडून एवढे लेखी मागावे: गेल्या वर्षी येथून शिकलेल्या किती जणांना महासंचालनालयाची मान्यता मिळाली, आणि कोणत्या कंपनीत.