भाव फोटोचा, खर्च पट्टीचा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्यापैकी कुणालाही फोन केला तर पलीकडून एकच उत्तर येते, 'मानपत्रं चालू आहेत, नंतर बोलू.' एके काळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली. ती मंडळी पुढे सरकारी नोकरीत गेली, ३१ मेला घाऊक निवृत्त होऊ लागली आणि त्यांच्या सत्काराच्या फ्रेमा आपल्या दुकानांतून बाहेर पडू लागल्या. त्या धांदलीत संगणकाचा विषय काढण्यात अर्थ नव्हता. आता पाऊस लागला आहे, माउंट दमट व्हायला लागले आहेत, गणपती अजून लांब आहेत. बोलायला हाच काळ बरा.

संगणक आपल्याकडे आलाच नाही असे नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि बऱ्याच दुकानांत तो बिले छापायला म्हणून येऊन बसला. पण आला तो करसल्लागाराच्या सांगण्यावरून, आणि राहिलाही करापुरताच. काउंटरवर क्यूआर कोड चिकटला, पट्ट्यांचे नमुने व्हॉट्सॲपवर यायला लागले, पोरांनी इन्स्टाग्रामवर दुकानाचे पान काढले. भाव मात्र अजून मालकाच्या डोक्यातूनच निघतो. गिऱ्हाईक फोटो पुढे करते, मालक टेप लावतो, छताकडे बघतो आणि आकडा सांगतो. छताकडे बघताना त्याने काय मोजले? फोटोच्या चार बाजू मोजल्या. आमचे म्हणणे असे की पैसे तिथेच जातात.

१२ बाय १८ इंचांचा फोटो घ्या. चारी बाजू मिळून ६० इंच, म्हणजे पाच फूट. 'थोडी इकडेतिकडे' धरून आपण साडेपाच फूट पट्टी लावतो. पण कोपरा ४५ अंशांत कापायचा तर तुकड्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा दोन्ही टोकांना पट्टीच्या रुंदीइतकी जास्त लागते. तुकडे चार, टोके आठ. म्हणून चार बाजूंच्या बेरजेत रुंदीची आठपट मिळवायची. एक इंची पट्टी असेल तर ६८ इंच लागतात, तीन इंची असेल तर ८४. (आतल्या खाचेमुळे त्यातले थोडे वाचते, ते इथे सोडून देऊ.) एक इंचीत साडेपाच फूट धरून दोन इंच अंगावर आले तर कुणी बुडत नाही. तीन इंची नक्षीदार सोनेरी पट्टीत मात्र दीड फूट आपल्या खिशातून जाते, आणि फुटाला सगळ्यांत महाग पट्टी बहुधा तीच असते. ज्या ऑर्डरीवर चार पैसे जास्त सुटायला हवेत तिथेच ते कमी सुटतात. भारी फ्रेम विकली म्हणून मालक त्या दिवशी खुशीत असतो, हे वर.

यात नवे काही नाही. कारागीर हे गणित रोज करतो आणि कापताना चुकत नाही. भाव सांगणारा ते करत नाही, कारण समोर गिऱ्हाईक ताटकळत उभे असते. शीटमध्ये सूत्र एकदा घालून ठेवले की लांबी, रुंदी आणि पट्टीचा नंबर एवढेच टाकायचे. एक्सेल किंवा गूगल शीट मोबाइलवर चालते, एवढ्या कामाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. एका पानावर पट्ट्यांची यादी करा: नंबर, रुंदी, फुटाचा भाव. दुसऱ्यावर काच, माउंट आणि पाठीचा हार्डबोर्ड, चौरस फुटाने. मजुरी वेगळ्या रकान्यात लिहा. ती फुटाच्या भावात मिसळून टाकायची आपल्याला खोड आहे, आणि त्यामुळे लहान फ्रेमा जवळजवळ फुकट बनतात. ६ बाय ८च्या फ्रेमलाही कोपरे चारच असतात आणि काच पुसून आतला केस काढायला वेळ तेवढाच लागतो.

आता तुकडे. कारखान्याच्या कोपऱ्यात दोन-तीन फुटी तुकड्यांचा ढीग उभा नाही असा फ्रेमवाला आम्ही पाहिलेला नाही. वरचीच तीन इंची पट्टी आणि तोच फोटो धरा. २४ इंचांचे दोन तुकडे लागतात, १८चे दोन. पट्टी दहा फुटी, म्हणजे १२० इंच, तर एका फ्रेममागे ३६ उरतात. कागदावर त्यात १८चे दोन बसतात, पण पात्याची जाडी धरली की दुसरा अपुरा पडतो. अशा तीन ऑर्डरी आल्या तशा कापल्या तर तीन-तीन फुटांचे तीन तुकडे ढिगात गेले. त्याच तीन एकत्र मांडा. पहिल्या पट्टीतून २४चे चार आणि १८चा एक, दुसरीतून २४चे दोन आणि १८चे तीन, तिसरीतून १८चे फक्त दोन. वाया गेले ते एक पाच-सहा इंची आणि एक सतरा-साडेसतरा इंची. तिसरी पट्टी जवळजवळ सात फूट अखंड राहिली, आणि उद्या याच पट्टीत १० बाय १२ची ऑर्डर आली तर तिची फ्रेम त्यात पूर्ण निघते. कापायचा असा बेत लावून देणारी मोफत साधने इंटरनेटवर आहेत. पट्टीची लांबी, तुकड्यांची मापे आणि नग टाकले की झाले.

एक गोष्ट मात्र त्या साधनाला कळत नाही, ती म्हणजे लॉट. त्याच्या बेतात एकाच फ्रेमचे तुकडे दोन वेगळ्या पट्ट्यांतून येतात. सिंथेटिक पट्टीचा सोनेरी रंग लॉटगणिक किंचित बदलतो. पट्टी नुसती हातात घेऊन ते जाणवत नाही, कोपरा जुळवला की लगेच दिसते. बेत संगणकाला करू द्या, पट्ट्या मात्र नजरेने निवडा, आणि माल आला की मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख टाका.

परदेशात फ्रेमवाल्यांसाठी खास तयार केलेल्या प्रणाली आहेत. भाव, ऑर्डर, साठा सगळे त्यात होते, गिऱ्हाइकाचे चित्र पडद्यावर फ्रेममध्ये बसवूनही दाखवता येते. माउंट कापणारी संगणकी यंत्रेही आहेत, इटलीची वलियानी, स्वित्झर्लंडची गुन्नार, अमेरिकेची विझार्ड. काम अप्रतिम करतात, पण दिवसाला चार माउंट कापणाऱ्याने त्यांत पैसे अडकवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. पडद्यावरच्या फ्रेमबद्दलही आम्हाला फारसा उत्साह नाही. सोनेरी पट्टीची झळाळी पडद्यावर पिवळी दिसते. भिंतीवरचा नमुन्याचा कोपरा काढून फोटोवर ठेवला की गिऱ्हाईक दोन मिनिटांत ठरवते. गिऱ्हाईक पुण्यात आणि पैसे देणारा मुलगा न्यू जर्सीत असेल, तेव्हा त्या चित्राचा उपयोग होईल.

काहीजण म्हणतात, आपला धंदा हाताचा, त्यात यंत्र कशाला? १८९४ साली राजा रविवर्म्याने गिरगावात छापखाना घातला आणि देवादिकांची छापील चित्रे घरोघर जाऊ लागली. चौकटीत बसवायला चित्र सामान्य माणसाच्या हाती आले ते यंत्रामुळेच.

ऑर्डरीची वही शीटवर आणण्याचा फायदा वेगळाच आहे. फोटो हातात घेताच मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढा, पुढून आणि मागून, आणि ऑर्डरीच्या नंबराशी जोडून ठेवा. कुणाच्या तरी पणजोबांचा एकुलता एक फोटो असतो, कोपऱ्यावर जुना तपकिरी डाग असतो, आणि फ्रेम न्यायला दुसराच भाऊ येतो. 'हा डाग तुमच्याकडे पडला' या वाक्याला त्या छायाचित्राइतके चांगले उत्तर नाही. न नेलेल्या फ्रेमांचेही तसेच. थोडा ॲडव्हान्स देऊन गेलेले गिऱ्हाईक फिरकत नाही आणि त्याची फ्रेम कपाटामागे वर्षभर उभी राहते. तारखेने यादी लावली की कोण किती दिवस आले नाही ते समोर येते, मग संदेश पाठवा, मग फोन करा. वही ही यादी देत नाही असे नाही, पण त्यासाठी मागची पाने चाळावी लागतात आणि ते कुणी करत नाही.

दहाव्याच्या आत फोटो हवा म्हणून संध्याकाळी धावत येणाऱ्या माणसापुढे मोबाइल काढून हिशेब करत बसू नका. त्याला फ्रेम द्या, आकडा तोंडीच सांगा. नोंद मात्र रात्री करा, कारण अशी निकड वर्षात किती वेळा येते आणि तिला कोणती पट्टी लागते ते कळले तर ती पट्टी कधी संपू द्यायची नाही हेही कळते. मानपत्रांचेही तेच.

संगणक कापायच्या यंत्राजवळ ठेवू नका, एमडीएफची भुकटी त्याचा जीव घेते. शीटची एक प्रत घरच्यांपैकी कुणाच्या तरी खात्यावरही असू द्या.

आता पट्टीच्या घाऊक व्यापाऱ्यांना एक सांगणे. तुमचे दरपत्रक आम्हाला व्हॉट्सॲपवर फोटोच्या रूपात येते, तेही बऱ्याचदा तिरपे. त्यातून शंभर नंबर वाचून हाताने शीटमध्ये भरायचे कुणी? तुम्ही स्वतः ती यादी संगणकावरच केलेली असते, मग तीच फाइल पाठवा. तिच्यात नंबर, रुंदी, खाचेची खोली, पट्टीची पूर्ण लांबी, फुटाचा भाव आणि लॉट एवढे रकाने असावेत. भाव बदलला की तारीख घालून नवी फाइल पाठवा. अशी यादी देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे पुढच्या अंकापासून आम्ही या पानाखाली विनाशुल्क छापू.