तीन टेकअवे द्या, काकू

म्हैसूरला आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी सांगलीची मुलगी नियमित वाचकांना ठाऊक आहे. सांबारात गूळ सापडला म्हणून पहिल्या महिन्यात आईला फोन करून रडलेली आणि आता सांगलीला गेली की आमटी फार तिखट लागते म्हणून कुरकुरणारी, तीच. परवा रात्री ती लॅपटॉप घेऊन खाली आली. ती नोकरी करते तिथे (कुठे ते विचारू नका) नव्या मुलांना आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर उभं करतात आणि आवडीच्या कुठल्याही विषयावर पाच मिनिटं बोलायला लावतात. विषय तुमचा, साचा त्यांचा. शेवटची स्लाइड आधीच तयार होऊन येते. वर मथळा ‘तीन टेकअवे’, खाली एक, दोन, तीन असे आकडे आणि त्यांच्यापुढे रिकाम्या ओळी. हिने विषय घेतला होता तिच्या लाडक्या जपानी कार्टून मालिकेचा. (कार्टून म्हटलं की ती दुखावते, अ‍ॅनिमे म्हणायचं.) बाकीच्या स्लाइड्स सुंदर झाल्या होत्या. शेवटची कोरी.

‘‘काकू, तुम्ही पेपरात लिहिता ना? द्या ना तीन टेकअवे.’’

तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. मुलीवर नाही, त्या स्लाइडवर.

रोग जुनाच आहे. लहानपणी इसापनीतीच्या प्रत्येक गोष्टीखाली जाड ठशात ‘तात्पर्य’ असायचं. कोल्हा द्राक्षांखाली उड्या मारतोय, आपल्याला त्याची दया येतेय, तेवढ्यात पुस्तक घसा खाकरून बोलायला लागायचं. पुढे मराठीच्या पेपरात ‘या पाठातून तुम्हाला काय बोध मिळतो?’ हा प्रश्न हमखास. उत्तर पाठ असे आणि ते कुठल्याही धड्याला चालत असे: कष्ट करावेत, थोरामोठ्यांचं ऐकावं, निसर्गावर प्रेम करावं. मला वाटलं होतं, शाळा सुटली की हेही सुटेल. ते सुटलं नाही, नोकरीला लागलं. आता सकाळी कुक्करहळ्ळी तलावाच्या कडेने फिरायला जावं, तर बरोबरचे गृहस्थ नुकतेच कूर्गहून आलेले असतात आणि कॉफीच्या मळ्याने त्यांना काय काय शिकवलं ते सांगत असतात. जळवा लागल्या का, एवढंच मला विचारायचं असतं. ते राहूनच जातं.

आणि याच आठवड्यात हे लोण माझ्या हत्तींपर्यंत पोचलं. दसऱ्याच्या आधी जंगलातल्या छावण्यांतून हत्ती म्हैसूरला येतात, राजवाड्याच्या आवारात मुक्काम टाकतात. मग त्यांना एकेक करून ट्रकच्या वजनकाट्यावर उभं करतात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं वजन किलोसकट पेपरात येतं. (ती कात्रणं मी जपून ठेवते.) पुढे रोज तालीम: राजवाडा ते बन्नीमंटप, सयाजीराव रोडने, पाचेक किलोमीटर. रस्त्याला नाव आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांचं, म्हणून मी त्याच्या कडेला जरा हक्काने उभी राहते. वाहतूक थांबते, दुकानदार पायरीवर येतात, हत्ती जातात, वाहतूक सुरू होते. संपलं. तर या हत्तींचा फोटो एका ग्रुपवर आला आणि त्याखाली ‘नेतृत्वाचे सात धडे’. पाच हजार किलोंचा प्राणी समोरून चालत गेला तरी ज्यांना तो पुरत नाही, त्यांच्याशी काय बोलायचं?

असो. मालिका. तिचं नाव ‘नॉन नॉन बियोरी’. मूळ चित्रकथा आत्तो या टोपणनावाने काढलेली, दिग्दर्शन शिन्या कावात्सुरा यांचं. पहिली फेरी २०१३ मध्ये, दुसरी २०१५ मध्ये, तिसरी २०२१ मध्ये. मधे २०१८ मध्ये एक चित्रपट. डोंगरातलं खेडं, लाकडी शाळा, टोक्योहून आलेली पाचवीतली होतारू धरून पटावर पाच मुलं. पहिली ते नववी एकाच खोलीत. बाई एकच, आणि त्या बहुधा डुलक्या काढत असतात. सुट्टी लागते, पाऊस पडतो, बर्फ पडतं, शाळा पुन्हा सुरू होते.

टेकअवे शोधायचे म्हणून मुलगी, मी आणि आमचे गृहस्थ असे तिघं बघायला बसलो. पहिल्याच भागात पहिलीतली रेंगे नावाची मुलगी शाळेतली बासरी वाजवत शेतातून चालत जाते. बराच वेळ जाते. डोंगर, पाणी, झाडं. आमचे गृहस्थ म्हणाले, ‘‘नेट अडकलं का?’’ अडकलं नव्हतं. पुढे रेंगेला शंका येते की आपण राहतो ते खेडं तर नव्हे? आणि या प्रश्नावर सगळी मुलं गंभीरपणे चर्चा करतात. त्यांच्यात नववीतला एक मोठा भाऊ आहे, तो तिन्ही फेऱ्यांत तोंडातून शब्द काढत नाही. आमच्या गृहस्थांना तो फार पटला. दुसऱ्या फेरीत गोष्ट पुढे सरकतच नाही. तेच वर्ष पुन्हा पहिल्यापासून, फक्त मागच्या वेळी दाखवायचे राहिलेले दिवस. हे ऐकून ते म्हणाले, ‘‘म्हणजे गेल्या वर्षीची रद्दी पुन्हा वाचायची.’’ पण उठले नाहीत.

मुलगी वही घेऊन बसली होती. तिने लिहिलं: ‘एक, निसर्गाच्या जवळ राहावं.’ मग स्वतःच खोडलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कृष्णा सांगलीला त्यांच्या घरात जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आली होती. निसर्ग किती जवळ असावा याबद्दल तिची मतं पक्की आहेत. ‘दोन, सावकाश जगावं.’ हे वाक्य सकाळी आठच्या बसने कामावर जाणाऱ्या मुलांसमोर कोणत्या तोंडाने म्हणायचं? ‘तीन, मैत्री जपावी.’ मैत्री जपू नये असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, तेव्हा तेही गेलं.

मला खटकत होतं ते वेगळंच. पाच पटाची शाळा ही आपल्याकडे गोड गोष्ट नसते, बातमी असते. २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा होत्या. त्याच वर्षी त्यांच्या समूह शाळा करायची टूम निघाली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? पाड्यावरच्या पोराने दुसऱ्या गावच्या शाळेत जायचं कसं, हा साधा प्रश्न होता. जपानातही सुखाचं चाललेलं नाही. पोरंच नाहीत म्हणून तिकडे दरवर्षी शेकडो शाळांना कुलूप लागतं. म्हणजे टोक्योतल्या इमारतींत रात्री उशिरा घरी येणारे लोक, जी शाळा प्रत्यक्षात बंद होते आहे, ती पडद्यावर कायम उघडी ठेवून बघताहेत. हे मी बोलून दाखवलं तर मुलगी म्हणाली, ‘‘काकू, हे टेकअवेमध्ये नाही बसणार.’’ खरं आहे. नाहीच बसणार.

मग चौथा भाग आला. उन्हाळ्याची सुट्टी. मोठ्या मुलींचं आपापलं काही ना काही चाललेलं, आणि रेंगेच्या वयाचं गावात कुणी नाही. तेवढ्यात आजीकडे सुट्टीला आलेली होनोका नावाची मुलगी भेटते, अगदी तिच्याच वयाची. दोघी भटकतात, फोटो काढतात, रेंगे तिला गावातल्या सगळ्या महत्त्वाच्या जागा दाखवते. एक दिवस ती होनोकाला हाक मारायला जाते, तर आजी दारात येऊन सांगते की वडिलांचं काम निघालं म्हणून ती अचानक परत गेली. कॅमेरा रेंगेच्या चेहऱ्यावर थांबतो. थांबूनच राहतो. चेहरा हलत नाही, आणि मग हळूहळू डोळे भरतात. कुणी समजूत घालत नाही, कुणी ‘बाळा, आयुष्य असंच असतं’ म्हणत नाही. माझ्या शेजारी नाक ओढल्याचा आवाज आला. तो मुलीचा नव्हता.

मला मात्र तिथे दुसरंच एक पोरगं आठवलं, आणि आता माझ्या सवयीप्रमाणे मी रूळ सोडणार आहे. मालगुडीचं स्टेशन. आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चा शेवट. स्वामीचा दोस्त राजम, त्याच्या वडिलांची बदली झालेली आहे, राजम रागावलेला आहे, आणि स्वामी गोष्टींचं एक पुस्तक हातात घेऊन गाडीच्या बाजूने धावतो. पुस्तक पोचतं. पण राजम काय बोलला, पत्र लिहीन म्हणाला की नाही, हे त्या गोंगाटात कळत नाही. दुसरा दोस्त मणी म्हणतो, लिहील. स्वामीला खात्री वाटत नाही. कादंबरी तिथेच संपते. जपानी रेंगेला निदान घरी पत्र येतं, आत फोटो येतो. नारायणांनी आमच्या स्वामीला तेवढंही दिलं नाही. १९३५ साली छापलेलं हे पुस्तक. त्याआधी प्रकाशकांकडून इतकं साभार परत येत होतं, की नारायणांनी इंग्लंडमधल्या मित्राला ते थेम्समध्ये बुडवून टाक असं कळवलं होतं. मित्राने ऐकलं नाही, बाड ग्रॅहम ग्रीनकडे नेलं, आणि ग्रीनने प्रकाशक मिळवून दिला. परत पाठवणाऱ्यांपैकी कुणीतरी टेकअवे मागितले असणार, असा माझा संशय आहे.

हे नारायण आमच्या म्हैसूरचे. यादवगिरीत त्यांचं घर आहे. मधे ते पाडायला काढलं होतं. ओरड झाली, वाचलं आणि २०१६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. पाहुण्यांना मी राजवाड्याआधी तिथे नेते. पाहुणे विचारतात, ‘‘इथे काय बघायचं?’’ खिडक्या बघायच्या. वरच्या मजल्यावर पुष्कळ आहेत.

शंकर नाग यांनी १९८६-८७ मध्ये दूरदर्शनसाठी नारायणांच्या गोष्टींवर ‘मालगुडी डेज’ केलं, तेव्हा माझ्या पिढीतल्या मराठी घरांत कुणीही ‘हे कानडी आहे’ असं म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं. शंकर नाग कानडी पडद्यावर जाण्याआधी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेले. स्वामीचे कडक वडील झालेले गिरीश कार्नाड जन्माने माथेरानचे. सुरुवातीची चित्रं नारायणांच्या धाकट्या भावाची, आणि हा म्हैसूरचा भाऊ, आर. के. लक्ष्मण, मुंबईचाच होऊन गेलेला. २०१५ मध्ये गेले तेही पुण्यात. चित्रीकरण मात्र आगुंबेला, जिथे पाऊस कोसळतो म्हणजे काय ते बघायला जावं. मालिकेतलं स्टेशन अरसाळूचं. शिवमोग्याजवळच्या त्या जुन्या इमारतीत रेल्वेने २०२० मध्ये मालगुडी संग्रहालय केलं. शंकर नाग ते बघायला नव्हते. १९९० मध्ये दावणगेऱ्याजवळच्या अपघातात ते गेले, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. मला अजूनही त्या मालिकेत काय घडलं ते क्रमाने सांगता येत नाही, पण स्वामीची टोपी आणि आजीचा पानाचा डबा दिसतो. इतिहासाच्या पुस्तकातलं पाठ केलेलं एकही तात्पर्य मला इतकं स्पष्ट दिसत नाही.

हे सगळं त्या रात्री मी मुलीला ऐकवलं. गृहस्थ झोपायला गेले होते. ती शहाणी आहे. तिने मान डोलावली आणि वर जाऊन स्वतःला हवं तेच केलं. शेवटच्या स्लाइडवर तिने रेंगेचा तो चेहरा लावला, आकडे तसेच ठेवले, ओळी रिकाम्या ठेवल्या, आणि पाच मिनिटांपैकी उरलेला वेळ काही न बोलता उभी राहिली. तिच्या म्हणण्यानुसार मागच्या रांगेतल्या दोन मुलांनी मालिकेचं नाव लिहून घेतलं. अभिप्रायाच्या कागदावर आलं: ‘विषय छान, संदेश स्पष्ट नाही.’ ती हा कागद फ्रिजवर लावणार आहे.

ज्यांना मालिका बघायची असेल त्यांच्यासाठी: पहिल्या फेरीपासून सुरुवात करा, प्रत्येक फेरीत बारा भाग आहेत, चित्रपट दुसरीनंतर. रोज एकच भाग बघा. रात्री जेवण झाल्यावर बघितलेला बरा, कारण दुपारी झोप लागते आणि मग तुम्ही मला दोष द्याल. आवडली तर कळवा, नाही आवडली तरी कळवा. पण ती बघून काय शिकलात ते कृपा करून कळवू नका. हत्तींचे फोटो मात्र पाठवत राहा, खाली काही न लिहिता.